बाहेरची सही

खुर्ची आली ती बायकोसाठी. उस्ताद शिडीवर उभा होता, ओठांत दोन स्क्रू धरलेले, आणि तिथून त्याला सगळं दिसत होतं. घरमालकाने आतल्या खोलीतून चांगली गादीची खुर्ची उचलून आणली, तिच्यावरची धूळ स्वतःच्या बाहीने झटकली आणि म्हणाला, “बसा ना मॅडम, उभ्या कशाला?” मग मान वर करून शिडीकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून मोठ्या आपुलकीने विचारलं, “मॅडमकडे किती वर्षं कामाला आहात तुम्ही?”

बायकोला हसू फुटलं. “अहो, हे नाहीत माझ्याकडे कामाला. मीच यांच्याकडे आहे. आमचेच हे आहेत.”

घरमालक ओशाळला आणि “असं होय, असं होय” करत चहा सांगायला आत पळाला. उस्तादही हसला, म्हणजे ओठांत स्क्रू असताना माणसाला हसता येतं तेवढं. पण तो प्रश्न त्याच्या घशात जाऊन बसला तो बसलाच. घरी येताना गाडीत बायको त्या माणसाची नक्कल करून दोनदा हसली. दुसऱ्यांदा हसली तेव्हा उस्तादने रेडिओ लावला.

उस्ताद हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. मिसरूड फुटायच्या वयात तो वायरमनच्या हाताखाली लागला, आणि स्वतःच्या हिमतीवर कामं घ्यायला लागल्यावर गल्लीने त्याला हे नाव दिलं. कुणाच्या घरी दिवे मिणमिणले, पंखा रुसला, मेन स्विच सारखा पडायला लागला की लोक म्हणायचे, उस्तादला बोलवा. तो यायचा, भिंतीवर थापट्या मारत खोलीभर एक चक्कर टाकायचा आणि नेमक्या जागी बोट ठेवायचा. लोक तोंडात बोटं घालायचे. त्याला ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

त्याच्या हाताखालचा गडी काम सोडून गेला तेव्हा बायको मदतीला यायला लागली, चार दिवसांपुरती म्हणून. शिडी धरायची, पाइपातून वायर ओढायची, हातात पक्कड द्यायची. तिचे हात बारीक. भिंतीतल्या वायर जोडायच्या ज्या डबीत उस्तादचा पंजा अडायचा तिच्यात तिची बोटं सहज शिरायची. वायर सोलताना आतल्या तांब्याला ओरखडा पडू द्यायचा नाही, स्क्रू किती आवळायचा, हे सगळं तिला उस्तादनेच शिकवलं. चार दिवसांची चार वर्षं झाली, मग त्याहून जास्त, आणि दुसरा गडी शोधायचं राहूनच गेलं.

मग नवा नियम आला. घरात विजेची नवी लाइन ओढायची असो, बोर्ड बदलायचा असो, नाहीतर स्वयंपाकघरात, न्हाणीघरात काही करायचं असो, ते काम नोंदणी झालेल्या माणसाने मीटर लावून तपासायचं, आकडे लिहायचे, सही करायची आणि मालकाला प्रमाणपत्र द्यायचं. प्रमाणपत्र नसेल तर घर विकता येणार नाही, आणि आग लागली तर विमा कंपनी हात वर करणार. नोंदणी हवी तर परीक्षा द्या, लेखी आणि प्रात्यक्षिक.

उस्तादने आधी शिव्या घातल्या. मग पुस्तक आणलं. पण दिवसभर उन्हातान्हात फिरलेल्या माणसाला ते अक्षर बघूनच जांभया यायच्या. म्हणून भाजी निवडता निवडता बायको वाचून दाखवायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. ऐकता ऐकता घोरायचा. ती वाचतच राहायची. एकदा तिने विचारलं, “अहो, इथे न्हाणीघरातल्या प्लगाबद्दल लिहिलंय ते तुम्ही करता त्याच्या उलट आहे. खरं कोणतं?” तो गमतीत म्हणाला, “तुला एवढं कळतंय तर तूच दे परीक्षा.” तिने अर्ज भरला. त्यालाही त्यात गंमतच वाटली.

लेखी परीक्षेत दोघंही पास झाले. प्रात्यक्षिकाला मोठ्या हॉलमध्ये लाकडी फळ्यांवर बोर्ड ठोकलेले होते. उस्तादच्या फळीपाशी परीक्षक येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “हा प्लग बदलून दाखवा.” उस्तादला हसूच आलं. हे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्यात पाय बुडवून दाखवा म्हणण्यासारखं. त्याने वरचा मेन स्विच खाली केला, सवयीप्रमाणे पालथ्या बोटाने प्लगाला स्पर्श केला आणि स्क्रू सोडायला घेतला.

“थांबा,” परीक्षक म्हणाले. “सप्लाय बंद आहे हे कशावरून?”

“बंद केला ना आत्ता. तुमच्यासमोर.”

“तुम्ही स्विच खाली केलात हे मी पाहिलं. सप्लाय बंद झाला हे कोणी पाहिलं?”

टेबलावर टेस्टर ठेवलेला होता. तो आधी चालू लाइनवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. म्हणजे लाइनही मेलेली आहे आणि टेस्टर मात्र जिवंत आहे अशी दोन्हीची खात्री होते. बायकोने हे पान त्याला वाचून दाखवलं होतं. तेव्हा तो घोरत होता.

परीक्षकांनी कागदावर फुली मारली. पलीकडच्या फळीपाशी बायको टेस्टर हातात घेऊन उभी होती. तिने मान वळवली नाही, पण तिला ऐकू गेलं होतं. ती पास झाली.

गल्लीत उस्तादने सांगितलं की आपण लेखीत उडालो. “कागदी घोडे नाचवायचं काम, आपल्याला काय जमतंय? हाताचं काम असतं तर गोष्ट वेगळी.” लोकांना ते पटलं. मोठ्या ताईलाही त्याने तेच सांगितलं. बायको शेजारीच बसलेली असायची, आणि तिने एकदाही त्याला खोटं पाडलं नाही. याचं त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट ती अशी गप्प बसली की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिने त्याची लाज झाकून ठेवली होती, म्हणजे ती तिच्या हातात होती.

तेव्हापासून कामाची रीत बदलली. तो भिंत फोडायचा, पाइप टाकायचा, वायर ओढायचा, बोर्ड बसवायचा. सगळं झालं की ती चष्मा नाकावर चढवून पिवळी पेटी उघडायची, मीटरच्या चिमट्या एकेका प्लगाला लावायची आणि आकडे मोठ्याने म्हणत लिहून घ्यायची. घरातली माणसं तिच्याभोवती जमायची. मीटर टिक् करून वाजला की “वा!” म्हणायची. मीटरला! आणि कधीमधी ती शांतपणे म्हणायची, “अहो, हा एकदा उघडून बघता का?” बहुतेक वेळा एखादा स्क्रू नीट बसलेला नसायचा. लोकांसमोर उस्तादला तो पुन्हा आवळावा लागायचा. फोनवर लोक विचारायला लागले, “मॅडम आहेत का?” तो म्हणायचा, “माझ्याशी बोला की.” पलीकडून उत्तर यायचं, “नाही, मॅडमशीच बोलायचं होतं.”

त्यात परीक्षकांचे फोन सुरू झाले. कुठल्या तरी कलमाचा अर्थ काय, कुठल्या घरात काय सापडलं, असलंच बोलणं. पण उस्ताद बाहेरच्या खोलीत बसून कान टवकारायचा. फोनवर बायकोचा आवाज वेगळाच लागायचा. भरभर, ठाम, मध्येच खळखळून हसू. “नाही नाही, मला नाही पटत हे सर,” असं ती बेधडक म्हणायची. त्याच्याशी इतक्या वर्षांत ती अशी एकदाही भांडली नव्हती. त्याच्याशी ती “बरं” म्हणायची.

“काय म्हणत होते तुझे सर?” तो विचारायचा.

“काही नाही हो, अर्थिंगचं बोलत होतो.”

“एवढं हसण्यासारखं काय असतं अर्थिंगमध्ये?”

मग एक दिवस परीक्षकांनी विचारलं की दर शनिवारी नव्या उमेदवारांना प्रात्यक्षिक शिकवायला याल का. ती शनिवारी इस्त्रीचे कपडे घालून जायला लागली. उस्तादने तोंडाने एवढंच म्हटलं की जा, चांगलं आहे. आणि ती गेली की घरातला प्रत्येक दिवा, प्रत्येक बटण त्याला वाकुल्या दाखवायचं. त्याच्या डोक्यात परीक्षक दिवसेंदिवस उंच आणि देखणे होत चालले होते, वास्तविक त्याने त्यांना धड पाहिलं होतं ते एकदाच, आणि तेही खाली मान घालून.

अशात ताईने स्वयंपाकघर नवं करायला काढलं. ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण, आई गेल्यावर त्याला वाढवलेली. तिला ओट्याजवळ नवे प्लग हवे होते आणि सिंकच्या बाजूला कपडे धुवायचं मशीन. “बाळा, तूच कर हो,” ती म्हणाली. “तुझ्या हाताची सर कुणाला नाही.” कितीतरी महिन्यांनी हे वाक्य कानावर पडलं होतं. उस्ताद विरघळला. त्याने ठरवलं, हे काम आपलं एकट्याचं. इथे कुणी चष्मा चढवून येणार नाही, कुणी “वा” म्हणणार नाही, कुणी काही पुन्हा उघडायला सांगणार नाही.

बायको शनिवारच्या वर्गाला गेली की तो ताईकडे जायचा. घरी सांगायचा, जरा पाय मोकळे करून येतो. पिवळी पेटी जागची हलली तर बायकोला परत आल्यावर कळणार, म्हणून त्याने ती नेलीच नाही. खिशातल्या तपासणीच्या जुन्या दिव्याने त्याने एक प्लग तपासला, अर्थिंग मिळालं, दिवा लख्ख लागला. बाकीचे तिथूनच तर ओढलेत, असं म्हणून पुढे झाला. सिंकजवळचा प्लग मात्र त्याने कपाटामागच्या जुन्या डबीतून काढला होता. त्या डबीत हिरवी वायर होती. वायर आहे म्हणजे अर्थिंग आहे, हे त्याने गृहीत धरलं.

आता सही हवी होती. विद्युत सामानाच्या दुकानात एकजण बसलेला असायचा, धंद्यातले सगळे त्याला सहीवाला म्हणत. त्याची नोंदणी खरी होती, पण त्याने मीटर कधी पेटीबाहेर काढलेला कुणी पाहिला नव्हता. उस्तादने त्याला गाठलं. सहीवाला स्कूटरवरून ताईच्या दारात आला, उतरलाही नाही. स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्याने आकडे टाकले आणि सही ठोकली.

“बघायचं नाही का आत?” उस्तादने नको असतानाही विचारलं.

“उस्तादचं काम मी काय बघायचं?” सहीवाला म्हणाला आणि निघून गेला.

हे ऐकून उस्तादची छाती फुगली. घरी जाताना त्याला वाटत होतं, इतक्या दिवसांत हा एकच माणूस आपल्याशी नीट बोलला.

पुढे काही दिवसांनी ताईने दोघांना चहाला बोलावलं. बायको स्वयंपाकघरात शिरली आणि थबकलीच. “अगंबाई, वन्सं! किती छान झालंय. हे प्लग कुणी केले?”

“म्हणजे?” ताई म्हणाली. “तुला माहीत नाही? बाळानेच केले. शनिवारी यायचा ना.”

उस्ताद बाहेरच्या खोलीत भावोजींच्या समोर बसला होता. त्याचा चहा जागच्या जागी राहिला.

“आणि तपासलं कुणी?” आतून बायकोचा आवाज आला.

“तो कोण एक स्कूटरवाला आला होता बाई. घरात पाऊलसुद्धा नाही टाकलं. मी म्हटलं आत या, पाणी घ्या, तर म्हणाला उस्तादचं काम बघायला लागत नाही. मला आपलं वाटलं, तू शनिवारी कामात असतेस म्हणून याने दुसऱ्याला आणलं असेल.”

बायकोने दारात येऊन नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर उस्तादला परवडलं असतं. पण नवऱ्याच्या शर्टाला परका वास यावा तशी ती त्याच्याकडे बघत होती.

तेवढ्यात आत ताईने मशीन लावलं. भांडी विसळता विसळता तिने ओल्या हाताने मशीनचं झाकण दाबलं आणि चटकन हात मागे घेतला. “ही बघ, पुन्हा मुंगी आली. वहिनी, मला वाटतं माझी साखर वाढलीये. हल्ली हातांना सारख्या मुंग्या येतात.”

बायको गर्रकन वळली. “कधी येतात, वन्सं? झोपताना? बसल्या बसल्या?”

“नाही गं. इथेच, काम करताना.”

“मशीनला हात लावल्यावर?”

ताई विचारात पडली. “हो की. तसंच आहे की.”

“बाजूला व्हा. हात लावू नका कशाला.” बायकोने मशीनचं बटण बंद केलं आणि त्याची पिन ओढून काढली. मग बाहेर आली. “अहो, गाडीतून पेटी आणता का?”

उस्तादने पेटी आणली. तो काही अडाणी नव्हता. मशीनच्या अंगावर थोडीशी वीज गळत असते, अर्थिंग असलं की ती गुपचूप जमिनीत जाते, आणि नसलं की हात लावणाऱ्या माणसाची वाट धरते. आज मुंग्या होत्या. मशीनच्या आत एखादी वायर निसटली असती तर ताई मुंग्या आल्या म्हणून सांगायला उरली नसती.

बायकोने एकेक प्लग तपासला. सगळे ठीक. सिंकजवळच्या प्लगाला चिमटी लावली तेव्हा मीटरवर आकडाच येईना. तिने चिमट्या काढून पुन्हा लावल्या. मग मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि बाजूला सरकून म्हणाली, “उघडा.”

कपाट सरकवून उस्तादने जुनी डबी उघडली. हिरवी वायर तिथे होती. तिचं दुसरं टोक कुठेच जोडलेलं नव्हतं. कुणीतरी फार पूर्वी ते नुसतं दुमडून आत खुपसून ठेवलं होतं. बायकोने बॅटरी धरली आणि त्याने नवी वायर ओढून बोर्डापासून थेट प्लगापर्यंत आणली. भावोजी दारात उभे राहून म्हणाले, “काय, मोठं काही आहे का?” ताईने त्यांना बाहेर नेलं.

काम झाल्यावर मीटरवर नीट आकडा आला. उस्तादने सुस्कारा टाकला. “झालं. आता तू सही कर म्हणजे तो कागद फाडून टाकता येईल.”

“मी नाही करणार.”

“अगं, असं काय करतेस?”

“तुम्हाला माझी सही नको होती ना? मग आता कशाला?” तिचा आवाज बारीक झाला होता. “सांगितलं असतं तर मी आले असते. येऊ नको म्हणाला असता तर नसते आले, नुसता मीटर दिला असता. पण तुम्ही बाहेरची सही आणलीत.”

“सहीच तर होती. त्यात एवढं काय?”

“हो ना. सहीच. माझ्याजवळ तरी दुसरं काय आहे हो? इतकी वर्षं शिडी धरली मी. लोक म्हणायचे, उस्ताद, काय हात आहे तुमचा. त्या डबीत बोटं कुणाची गेली ते कुणी विचारलं नाही कधी. मला नसेल वाईट वाटलं? पोटात दुखायचं माझ्या. तरी मी तुमच्यासाठी चहाच करत होते ना घरी येऊन?”

हे उस्तादच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

“आणि त्याची सही!” ती एकदम भडकली. “तो मेला मीटर उलटा धरतो! माझ्यापेक्षा त्याच्यात काय बघितलंत तुम्ही?”

“तो म्हणाला, उस्तादचं काम बघायला लागत नाही,” उस्तादच्या तोंडून निघून गेलं. बोलल्यावर त्याला स्वतःलाच ते पोरकट वाटलं. मग बांध फुटल्यासारखं सगळंच आलं. “मला जळायला होतं. तुझं ते मॅडम, तो फोन, ते सर. सगळ्याचं जळायला होतं.”

बायकोने डोळे पुसले आणि पेटी बंद केली. “मग जळा की. घरी बसून खुशाल जळा. वन्संच्या भिंतीत नको.”

ताईने बाहेरून हे सगळं ऐकलं असणार, कारण निघताना तिने भावाच्या गालावर थापट मारली, लहानपणी मारायची तशी, फक्त जरा जोरात.

घरी आल्यावर बायकोने सांगितलं की न बघता सही झालेली आहे, हे नोंदणीच्या कार्यालयात कळवणं तिला भाग आहे. “तुमचं नाव त्यात येणारच.”

“नवऱ्याची तक्रार करणार तू?”

“मी उद्या दुपारनंतर जाईन,” ती म्हणाली. “त्याच्या आत दुसरं कुणी गेलं तर मला जायची गरज नाही.”

सकाळी उस्तादने दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि कार्यालयात गेला. परीक्षकांच्या खोलीचं दार उघडलं तर टेबलामागे एक ठेंगणा, सर्दी झालेला माणूस पाठीला उशी लावून बसला होता. उस्ताद क्षणभर समजला की आपण चुकीच्या खोलीत आलो. इतके महिने ज्याच्यावर दात खाल्ले तो हा! त्याने सगळं सांगितलं. सहीवाला, ताईचं स्वयंपाकघर, जुनी डबी, मुंग्या. सांगताना एक गोष्टही गाळली नाही. परीक्षकांनी लिहून घेतलं, नाक शिंकरलं आणि म्हणाले, “तुम्ही मागच्या खेपेला प्लगापाशीच अडला होता, नाही का?”

“हो.”

“लेखीचे गुण अजून चालतील. फक्त प्रात्यक्षिक द्या. त्याआधी शनिवारचे वर्ग करावे लागतील.” मग त्यांचा चेहरा खुलला. “बाई छान शिकवतात.”

बाई हा शब्द ऐकून उस्तादला पुन्हा तसंच जळायला झालं. समोर उशीला टेकलेला माणूस बघून त्याला कळून चुकलं की त्या जळण्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. उंच, देखणा माणूस त्याने आपल्याच डोक्यात उभा केला होता. जळत होतं ते बायको भरधाव पुढे निघाली आणि आपण मागे राहिलो याचं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तो “येतो” म्हणाला आणि बाहेर पडला.

सहीवाल्याची नोंदणी थांबवली गेली. तो दुकानात बसून सांगायचा की उस्ताद बायकोच्या पदराखाली लपला. उस्तादने ऐकून घेतलं. त्याला तोंड वर करून बोलायला जागा नव्हती.

शनिवारचा वर्ग जड गेला. सगळी मिशी न फुटलेली मुलं, आणि मागच्या बाकावर हा. बायकोने पहिल्या दिवशी सगळ्यांकडे एकसारखं पाहिलं, त्याच्याकडेही. टेस्टर कसा लावायचा ते दाखवलं, मग म्हणाली, “मागचे, तुम्ही या.” तो गेला. तिने त्याला ते पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. चहाच्या सुट्टीत परीक्षक तिच्यासाठी कप घेऊन आले आणि दोघं खिडकीशी उभे राहून कसल्याशा कलमावर हुज्जत घालायला लागले. उस्तादने आपला चहा एका घोटात संपवला, जीभ भाजली.

“हुज्जत घालतेस त्यांच्याशी,” घरी जाताना तो म्हणाला.

“तुम्ही घालू देता का कधी?” ती म्हणाली. “घालू द्या, तुमच्याशी घालीन.”

त्या आठवड्यात त्यांचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं, एका माणसाच्या न्हाणीघरात, हीटरची वायर किती जाड हवी यावरून. घरमालकाला वाटलं आता काम अर्धवट टाकून जातात. त्यात बायकोचं बरोबर निघालं. पुढच्या भांडणात उस्तादचं निघालं, आणि ती दिवसभर फुरंगटून बसली. उस्तादला त्यात जो आनंद झाला तो लपवता लपवता त्याची पुरेवाट झाली.

प्रात्यक्षिकाला तो पास झाला. परीक्षा घ्यायला दुसरेच कुणी होते.

नोंदणी हातात पडल्यावर पहिलं काम त्याने ताईचं धरलं, कारण तिच्या स्वयंपाकघराला अजून धड प्रमाणपत्रच नव्हतं. बायको म्हणाली, पेटी घेऊन जा, माझं दुसरीकडे काम आहे. तो एकटा गेला. त्याने एकेक प्लग उघडला, एकेक आकडा घेतला, ताईला मशीन लावून दाखवायला सांगितलं आणि तिच्या ओट्यावर कागद ठेवून सही केली. अक्षर जरा वाकडं आलं.

ताईने कागद हातात घेतला, लांब धरून वाचला. “तुझी सही?”

“माझी.”

“चांगली आहे हो.” मग तिने कागदाची घडी घातली आणि चाचरत म्हणाली, “बाळा, रागावू नकोस. पण वहिनीला एकदा नुसतं नजरेखालून घालायला सांगशील का? म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल.”

उस्तादचे कान लाल झाले. तो चिमट्या गुंडाळत राहिला, एका वायरीचं वेटोळं त्याने उगाच सोडून पुन्हा घातलं. ताई भांडी पुसत होती आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होती.

“सांगतो तिला,” शेवटी तो म्हणाला. “उद्या येईल.”

आणि पेटी उचलून, ताईने दिलेलं पाणी न पिताच, जिना उतरायला लागला.